वरच्या वर्गाचें तिकीट आणि काकूंचें लुगडें

प्रवासाला निघतांना काय घालावें हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीला फारसा कधीं पडला नाहीं. आगगाडीचें इंजिन कोळशावर चाले आणि खिडकीशीं बसणाराच्या डोळ्यांत, केसांत व कपड्यांवर कोळशाची कणी येऊन बसे. म्हणून प्रवासाचे कपडे म्हणजे घरांतले सर्वांत जुने आणि शक्य तितके मळखाऊ कपडे. चांगला कोट व धुवट धोतर ट्रंकेंत असे. उतरावयाचें स्टेशन जवळ आलें म्हणजे ट्रंक उघडावयाची, ओल्या पंचानें तोंड पुसावयाचें, आणि मग नीटनेटकें होऊन फलाटावर पाय ठेवावयाचा, असा शिरस्ता होता. वाटेंत पाहणारे लोक परके, उतरल्यावर पाहणारे आपले. तेव्हां चांगलें दिसावयाचें तें आपल्यांसाठीं, हें त्यामागचें साधें तत्त्व.

विमानानें हें तत्त्व उलटें केलें. आगगाडींत जुनें घालून निघणारा माणूस विमानाचें तिकीट हातीं पडतांच कपाटांतलें नव्यांतलें नवें शोधूं लागतो; आणि तें तिकीट वरच्या वर्गाचें असेल तर हा शोध खरेदीपर्यंत जातो. आमचा गेला. त्या खरेदीची, आणि तिच्या पाठोपाठ घडलेल्या एका गोष्टीची हकीकत सांगण्यासाठीं आज लेखणी हातीं घेतली आहे. गोष्ट आमच्या मोठेपणाची नाहीं, हें प्रथमच सांगून ठेवतों.

आमचे धाकटे चुलतबंधु लंडनास असतात. गेल्या वर्षीं त्यांनीं आपल्या मुलाची मुंज तेथेंच करावयाची ठरविली आणि काकूंना बोलावणें पाठविलें. काकूंचें वय एकुणऐंशी. गुडघे दुखतात, नऊ-दहा तास पाय दुमडून बसणें त्यांना शक्य नाहीं. म्हणून बंधूंनीं, पाय लांब करून सपाट निजतां येतें अशा वर्गाचीं, म्हणजे ज्याला बिझिनेस क्लास म्हणतात त्याचीं, दोन तिकिटें काढलीं. एक काकूंचें व एक सोबतीचें. सोबतीचा मान आमच्याकडे आला तो केवळ वयाच्या ज्येष्ठतेनें आला असें नव्हे. आम्ही चार वर्षांचे असतांना आमची आई गेली. तेव्हां काकू पंचवीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर आमचें न्हाणें-माखणें, पाटी-पुस्तक, गोवर-कांजिण्या, सारें त्यांच्या हातून झालें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आम्हांला ती ऐन वेळीं ठेवतां आली नाहीं.

तिकिटें आलीं त्या रात्रीं जेवणें झाल्यावर पोषाखाविषयीं घरांत सभा भरली. आमच्या कुटुंबाचें मत असें पडलें कीं, एवढ्या किंमतीचें तिकीट आहे, तर काकूंनीं पैठणीच नेसावी. पुतणी म्हणाली, पैठणी नेसून कोणी निजतें का? तिच्या मतें सैल पंजाबी पोषाख बरा. पुतण्या वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो. त्याला पोषाखाशीं कर्तव्य नव्हतें, शरीराशीं होतें. त्यानें त्या रात्रीं जें सांगितलें तें सर्वच घरांना उपयोगी पडण्यासारखें असल्यामुळें येथें थोड्या विस्तारानें देतों.

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जातें. आंत हवा दाबून भरलेली असते. पण ती समुद्रसपाटीवरील हवेइतकी दाट नसते. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जशी हवा असावी तितपतच ती ठेवतात. आमचें महाबळेश्वर साडेचार हजार फूट, आणि महाराष्ट्रांतलें सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई तें सुमारें ५४०० फूट. म्हणजे विमानांत बसलेला मनुष्य कळसूबाईच्याही माथ्याहून उंच जागीं, हालचालीवांचून, रात्रभर बसलेला असतो. हवेचा दाब कमी झाला म्हणजे पोटांतील वायु फुगतो. आठ हजार फुटांच्या दाबाला तो सुमारें एक तृतीयांशानें वाढतो. मग ज्यानें कमरपट्टा आवळून बांधला असेल त्याच्या पोटाची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. दुसरें असें कीं, त्या उंचीवर बाहेरची हवा उणें पन्नास अंशांच्या आसपास थंड असते व तिच्यांत पाण्याची वाफ जवळजवळ नसतेच. हीच हवा दाबून व ऊनऊन करून आंत सोडलेली असल्यामुळें ती अत्यंत कोरडी असते. लांबच्या प्रवासांत तिच्यांतील दमटपणा बहुधा दहा ते वीस टक्क्यांच्या घरांत असतो. ओठ सुकतात, डोळे चुरचुरतात, कातडीला खाज सुटते. अशा वेळीं अंगाशीं सुती कापड असेल तर बरें वाटतें. कृत्रिम धाग्याचें तंग कापड टोंचूं लागतें. तिसरी गोष्ट पायांची. तासन् तास पाय लोंबकळत राहिले म्हणजे रक्त व पाणी खालीं उतरून पावलें सुजतात आणि क्वचित् पोटरीच्या खोल शिरेंत रक्ताची गांठही धरते. ती गांठ फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें. म्हणून मधून मधून उठून चालावें, घोटे फिरवावे. आणि ज्यांना पूर्वीं असा विकार झाला असेल, किंवा ज्यांचें वय वा दुखणें तसें असेल, त्यांनीं वैद्याला विचारून गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे घालावे. ते मोजे तंग असले तरी त्यांचा दाब घोट्याशीं अधिक व वर कमी होत जाणारा असतो. मांडीशीं वा कमरेशीं काचणारी विजार हें त्याचें काम करीत नाहीं, उलट अपाय करते.

हें सर्व ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे सैल, सुती, आणि वर ऊब. मग आम्ही जन्मभर दुसरं काय नेसलो?"

पुतण्यानें आणखी एक मुद्दा मांडला. विमानाला आग लागली तर नायलॉन, पॉलिएस्टर असले धागे वितळून कातडीला चिकटतात. सूत जळतें, पण वितळत नाहीं, आणि लोकर तर सहजासहजीं पेटतच नाहीं. म्हणून विमानांत अंग झाकणारे, सुती वा लोकरी कपडे असावे, आणि विमान उडतांना व उतरतांना पायांतून बूट काढूं नयेत. २ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचें एक विमान उतरतांना धावपट्टीवरील दुसऱ्या विमानास धडकून पेटलें. आंतील ३७९ माणसें आपलें सामान जागींच टाकून घसरगुंड्यांवरून उतरलीं आणि सगळींच्या सगळीं वांचलीं. दुसऱ्या, लहान विमानांतील पांच जण मात्र दगावले. अशा प्रसंगीं पेटी कितीही उंची असली तरी ती मागेंच राहावयाची. बरोबर येतें तें केवळ अंगावर असेल तेवढेंच. टांचेचे बूट तर घसरगुंडी फाडतील म्हणून काढावयास लावतात, आणि मग अनवाणी पळण्याची पाळी येते.

काकूंना यांत नवल वाटलें नाहीं. नायलॉनचीं पातळें नवीन निघालीं त्या काळीं रॉकेलच्या स्टोव्हपाशीं किती सुना भाजल्या, तें त्यांनीं पाहिलेलें होतें. आमच्या घरांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआंत नायलॉन येऊं द्यावयाचें नाहीं, हा नियम त्यांनीं तेव्हांपासून घातला होता. सोवळ्याला रेशीम किंवा धाबळी कां, याचीं कारणें शास्त्री वेगळीं देतील. पण विस्तवापाशीं वावरणाऱ्या बायकांना लोकर कां बरी वाटत असेल, हें त्या रात्रीं आम्हांस प्रथम उमगलें. काकूंनीं सभा बरखास्त केली. "मी रोजचं सुती लुगडं नेसणार. पायात मोजे आणि कापडी बूट, अंगावर धाबळी. झालं."

झालें, असें त्यांना वाटलें. आम्हांला वाटलें नाहीं. सैल आणि सुती हें तत्त्व आम्हांस मान्य होतें. पण त्यांचें लुगडें नऊवारी, कासोटा घातलेलें. वरच्या वर्गांत मोठमोठे अधिकारी व कारखानदार बसत असतील. त्यांच्यामध्यें हें कसें दिसेल, ही काळजी आम्हांस कुरतडूं लागली. मनाची समजूत घालण्यासाठीं आम्ही या विषयाचा थोडा शोध केला, आणि जें हातीं लागलें तें आमच्या काळजीच्या अगदीं उलट होतें.

विमानाचा मूळ पोषाख हा ऐटीचा नव्हेच. १९१९ सालीं लंडन-पॅरिस अशी नित्याची वाहतूक सुरू झाली, त्या वेळच्या कांहीं विमानांत उतारूची बैठकही उघडी असे. त्याला चामड्याचा कोट, कानटोपी व डोळ्यांना चष्मा चढवून बसावें लागे. थंडीपासून जीव वांचविणें एवढाच त्या पोषाखाचा हेतु. ऐट आली ती पुढें, बंद व उबदार विमानें निघाल्यावर. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गानें लंडनास निघालें, त्या सुमारास विमानांत पाय ठेवणें ही सामान्य माणसाच्या आवांक्यांतली गोष्ट नव्हती. जे जात ते समारंभाला निघाल्यासारखे सजून जात. १९७० सालीं बोइंग ७४७ हें अजस्र विमान वाहतुकीला लागलें, शेंकडों माणसें एका वेळीं जाऊं लागलीं, आणि ही ऐट हळूहळू ओसरली. आज तर वरच्या वर्गांत कांहीं कंपन्या रात्रीं उतारूला एक मऊ सुती सदरा व विजार देतात. क्वांटास ही ऑस्ट्रेलियाची कंपनी त्याबद्दल विशेष प्रसिद्ध आहे. म्हणजे साऱ्या जगांत महाग तिकिटाचा मनुष्य मध्यरात्रीं जो पोषाख करतो, तो आमचे आजोबा ओटीवर निजतांना फुकट करीत असत!

नियम म्हणावे, तर तेही फारसे नाहींत. पैसे देऊन तिकीट काढणारानें वरच्या वर्गांत अमुकच घालावें, असें कंपन्या सहसा सांगत नाहींत. अंग झाकलेलें असावें, पाय अनवाणी नसावे, कपड्यावर कोणास दुखवील असा मजकूर वा चित्र नसावें, इतकीच अपेक्षा असते. विमानतळावरील खास विश्रामगृहांत कांहीं कंपन्या रबरी सपाता किंवा व्यायामाचे तोकडे कपडे घालून येऊं देत नाहींत. २०१७ च्या मार्च महिन्यांत डेन्व्हर येथें युनायटेड कंपनीनें दोन मुलींना तंग विजारी घातल्या म्हणून विमानांत चढूं दिलें नाहीं, तेव्हां जगभर गवगवा झाला. पण त्या मुली कंपनीच्या नोकरांच्या सवलतीच्या पासावर प्रवास करीत होत्या, व तो पोषाखाचा नियम अशा पासवाल्यांपुरताच होता, असा कंपनीचा खुलासा होता. सारांश, धाक असलाच तर फुकट जाणाऱ्याला. तिकीट काढणाऱ्याला नाहीं.

हें सर्व वाचूनही आम्ही एक गडद निळा सूट शिवून घेतला, गळ्याला टाय घेतला, आणि नवे, टोंकदार, काळे बूट विकत आणले. इतकेंच करून थांबलों असतों तरी चाललें असतें. निघण्याच्या आदल्या दिवशीं काकू बॅग भरीत होत्या, तेव्हां आम्ही त्यांच्या खोलींत जाऊन म्हणालों, "काकू, उद्या सहावारी नेसलात तर? चालायला सोपं जाईल."

काकूंनीं घडी घालणारा हात थांबविला. "नऊवारीत चालायला कधी जड गेलंय? तुला माझी लाज वाटते का रे?"

"छे, छे! भलतंच काय!" असें म्हणून आम्ही बाहेर आलों.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही रात्रीं अकराला पोंचलों. विमान पहांटे दोनचें. आंत शिरल्यावर सामानाची ढकलगाडी घेऊन आम्ही पुढें झालों आणि काकू कापडी पिशवी घेऊन मागून येऊं लागल्या. आमची चाल नेहमीपेक्षां जलद पडत होती. ती कशामुळें, हें त्या वेळीं आम्हीं स्वतःस विचारलें नाहीं. वरच्या वर्गाची रांग निराळी, आंखूड, खालीं गालिचा घातलेली. तेथील तरुण कर्मचाऱ्यानें आमच्या सुटाकडे पाहून मान लववली व तिकीट न विचारतां आम्हांस आंत सोडलें. आमच्या पुढें एक कोटवाले गृहस्थ, व त्यांच्या पुढें एक मुलगी उभी होती. तिचा सदरा विटलेला, विजार गुडघ्यावर फाटलेली, पाठीवर बोचकें. ही बिचारी चुकून या रांगेंत आलेली दिसते, असें आम्हांस वाटलें.

इतक्यांत मागें काकू आल्या. कर्मचाऱ्यानें त्यांना अडविलें. इंग्रजींत कांहीं विचारलें. काकूंना त्या गोंगाटांत तें ऐकूं गेलें नसावें. त्यानें हात लांब करून पलीकडची, वळणावळणांची मोठी रांग दाखविली. काकूंनीं एकदां आमच्या पाठीकडे पाहिलें आणि त्या मुकाट्यानें त्या रांगेच्या शेवटीं जाऊन उभ्या राहिल्या.

पाठीकडे पाहिलें हें आम्हांस कसें कळलें? आम्ही वळून पाहत होतों म्हणून कळलें. आम्हांस सर्व दिसलें होतें. "त्या आमच्याबरोबर आहेत," एवढे तीन शब्द बोलावयाचे होते. ते आम्ही बोललों नाहीं. आपली पाळी आली कीं हांक मारूं, आतां रांगेंत आरडाओरडा कशाला, असें मनाला सांगत आम्ही टायची गांठ सारखी करीत राहिलों. तीं पांच-सात मिनिटें कशीं गेलीं हें सांगण्यांत अर्थ नाहीं. तीं गेलीं, एवढें खरें.

ती फाटक्या विजारीची मुलगी आपलें काम आटपून निघाली. जातांना तिची दृष्टि पलीकडच्या रांगेंत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणाऱ्या काकूंकडे गेली. ती थांबली, त्यांच्यापाशीं गेली, आणि "आजी, तिकीट दाखवा बघू," म्हणाली. तिकीट पाहून तिनें काकूंचा हात धरला, त्यांना सावकाश चालवीत आमच्या रांगेशीं आणलें आणि त्या कर्मचाऱ्यास म्हणाली, "या इथल्याच आहेत. नीट बघत जा." मग सभोंवार पाहून तिनें विचारलें, "यांच्याबरोबर कोणी आहे का?"

आम्हीं हात वर केला.

त्या मुलीनें आमच्याकडे एकवार पाहिलें, कांहीं न बोलतां काकूंना नमस्कार केला आणि ती निघून गेली. कर्मचारी ओशाळला, त्यानें काकूंची पुन्हां पुन्हां क्षमा मागितली. त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांला राहिला नव्हता. त्यानें कपड्यांवरून ओळख ठरविली. आम्हीं ओळख असून ती कपड्यांसाठीं लपविली.

पुढची तपासणी आमच्या सुटाला पहिला प्रसाद देऊन गेली. कमरपट्टा काढा, बूट काढा, कोट काढा, खिशांतलीं नाणीं काढा. विजार एका हातानें सांवरीत आम्ही त्या कमानींतून गेलों. काकू पडद्याआडच्या स्त्री-तपासनिसाकडे गेल्या आणि आम्ही बुटाच्या नाड्या बांधीत असतांच बाहेर येऊन उभ्या राहिल्या. नऊवारीला ना पट्टा, ना सांखळी, ना टांचणी.

विमानांत दुसरा प्रसाद मिळाला. कोट टांगून ठेवावयाचा असतो हें ठाऊक नसल्यामुळें आम्ही तो अंगावरच ठेवला, आणि तासाभरानें टोमॅटोच्या रसाचा पेला त्यावर सांडला. हवाईसुंदरीनें कोट नेला. मग दिवे मंदावले आणि गारवा वाढला. कंपनीनें दिलेलें पांघरूण आम्हीं घेतलें, तरी पातळ सदऱ्यांतून खांद्यांना थंडी झोंबूं लागली. कमरपट्टा दोन घरें सैल केला, टाय काढला. बूट तर आधींच काढले होते, कारण पावलें त्यांत मावेनात. शेजारीं काकू आसन सपाट करून, पायांत मोजे, अंगावर धाबळी, अशा शांत निजल्या होत्या. आम्हांस झोंप नव्हती, व ती केवळ थंडीमुळें नव्हे.

अशा वेळीं मनुष्याला वाचलेल्या गोष्टी आठवतात. आम्हांस गांधीजींच्या आत्मचरित्रांतील दक्षिण आफ्रिकेचा भाग आठवला. १८९३ सालीं पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर पहिल्या वर्गाचें तिकीट असूनही त्यांना डब्यांतून बाहेर काढलें, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिच्यापुढची तितकी कोणी सांगत नाहीं. जोहान्सबर्गहून प्रिटोरियास जातांना पहिल्या वर्गाचें तिकीट मिळावें म्हणून ते फ्रॉक कोट व नेकटाय घालून स्टेशनमास्तरासमोर उभे राहिले. तिकीट मिळालें. पण वाटेंत जर्मिस्टन येथें गार्डानें त्यांना तिसऱ्या वर्गांत जाण्यास बजाविलेंच. तेव्हां डब्यांतला एक इंग्रज उतारू मध्यें पडला, यांच्याजवळ तिकीट आहे, मला यांची अडचण नाहीं, असें त्यानें गार्डास सुनावलें, म्हणून ते तेथें बसूं शकले. पोषाखानें तिकीट मिळतें; बसावयाची जागा शेजारच्या माणसाच्या सौजन्यानेंच मिळते. जर्मिस्टनला तो इंग्रज परका होता, मुंबईला ती मुलगी परकी होती. जो आपला होता तो टायची गांठ सारखी करीत उभा होता.

काकूंना जाग केव्हां आली कळलें नाहीं. त्यांनीं हात लांब करून धाबळीची घडी आमच्या अंगावर टाकली. आम्ही नको नको म्हणत असतांच म्हणाल्या, "घे. गोवरात हीच होती तुझ्या अंगावर."

आम्हांस राहवलें नाहीं. "काकू, चुकलं," एवढेंच तोंडांतून निघालें.

काकू कांहीं वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रांगेचं काही नाही रे. रांगेत उभी राहायची मला सवय आहे. रेशनच्या रांगेत जन्म गेला. पण काल मी विचारलं तेव्हा खरं सांगायचंस. हो काकू, वाटते थोडी लाज, असं म्हणाला असतास, तर मी सहावारी नेसले असते. नेसायला काय लागतं! लुगडं का माझं अंग आहे? तू छे छे म्हणालास, आणि मग पाच पावलं पुढे चालायला लागलास. तेव्हाच मला कळलं."

एवढें बोलून त्यांनीं कंपनीचें पांघरूण ओढून घेतलें व कूस बदलली. आम्ही मात्र उजाडेपर्यंत त्यांच्या धाबळींत जागे होतों. आम्ही समजत होतों, काकू आपल्या लुगड्याला धरून बसल्या आहेत. प्रत्यक्षांत सुटाला धरून बसलों होतों ते आम्ही. त्यांना कपड्याचा अभिमानही नव्हता आणि लाजही नव्हती; त्यांना खरें बोलणें हवें होतें.

लंडनास उतरतांना आमचीं पावलें बुटांत शिरेनात. कंपनीनें दिलेल्या पायमोज्यांनिशीं, बूट हातांत, डागाळलेला कोट खांद्यावर, असे आम्ही बाहेर आलों. आणि शेजारीं काकू, लुगड्याची एकही चुणी न मोडतां. चुलतबंधूंनीं आधीं आईला वांकून नमस्कार केला आणि मग आमच्याकडे पाहून विचारलें, "दादा, विमानात मारामारी झाली का?"

मुंज यथासांग झाली. दोन महिन्यांनीं परत निघालों तेव्हां आमच्या अंगांत सुती सदरा, सैल विजार, लोकरी बंडी, पायांत काकूंसारखेच कापडी बूट, आणि हातांतल्या पिशवींत एक जादा सदरा होता. ज्यांना हा प्रवास घडणार असेल त्यांना आमचा सल्लाही एवढाच: अंगाशीं सूत, वर काढतां-घालतां येईल अशी लोकर, कमरेला सैल, पायांना ऊब, आणि सांडलें तर बदलावयास एक सुती जोड. सूट हवाच असेल तर तो पेटींत. आमचे वडील तेंच करीत.

आणि काकू? त्या दिवशीं काकू सहावारी नेसल्या होत्या. लंडनच्या गारव्यानें पोटऱ्या गार पडतात, म्हणून त्यांनींच सुनेकडून मागून घेतली होती, आणि आंत जाड मोजे. आम्हांस आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ सालीं अठरा वर्षांची ती मुलगी अमेरिकेस निघाली तेव्हां आपला पोषाख व आचार सोडणार नाहीं असें चारचौघांसमोर सांगून निघाली. आणि फिलाडेल्फियाच्या थंडींत नऊवारीखालीं पाय उघडे पडूं लागले तेव्हां ती गुजराती पद्धतीनें पायघोळ लुगडें नेसूं लागली. लोकांच्या नजरेसाठीं जें बदललें नाहीं तें थंडीसाठीं सहज बदललें. पोषाख केव्हां बदलावा व केव्हां बदलूं नये याचा याहून सोपा नियम आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

विमानतळावर पुन्हां तशीच आंखूड रांग होती. या वेळीं ढकलगाडी घेऊन आम्ही काकूंच्या मागें होतों. खिडकीवरच्या बाईंनीं काकूंचें तिकीट पाहिलें, मग आमच्याकडे पाहून, आपण दोघें एकत्र आहांत का, असें विचारलें.

"हो," आम्ही म्हणालों, "यांच्याबरोबर."